रातूंच्या शेजारचं उभं टेबल

केलेराची पाठ दुखायला लागली त्याला इतकी वर्षं झाली होती की पाठ न दुखणारी केलेरा कशी होती, हे तिच्या नवऱ्यालाही आता नीट आठवत नव्हतं. सेरू म्हणायचा, "तू आधीपण चिडकीच होतीस. पाठीला उगाच नाव."

त्या दुखण्याला काही ताळतंत्र असतं तर निदान त्याच्याशी भांडता आलं असतं. रविवारी चर्चच्या लाकडी बाकावर सगळी प्रार्थना, सगळं प्रवचन आणि वर गावच्या वर्गणीच्या सूचना ऐकून उठावं, तर ठणठणीत. सोमवारी ऑफिसातल्या गादीच्या खुर्चीत जेमतेम टेकावं, तर कमरेपासून डाव्या टाचेपर्यंत तापलेली तार ओढल्यासारखं व्हायचं. डॉक्टरांनी फोटो काढले, उजेडापुढे धरले आणि समाधानाने म्हणाले, "एकदम स्वच्छ आहे. काहीही नाही."

"मग दुखतंय काय?" केलेराने विचारलं.

"पाठ," डॉक्टर म्हणाले.

ह्या उत्तराचं काय करायचं ते तिला आजतागायत कळलं नव्हतं. गावाकडची मालीश करणारी म्हातारी म्हणाली, शीर सरकलीय. चर्चच्या बायका म्हणाल्या, मनात काहीतरी दाबून ठेवलंयस. सेरू म्हणाला, रात्रीचे तावियोकाचे कंद कमी खा. तिला सगळ्यांचंच थोडं थोडं पटायचं, म्हणून ती सगळंच करून बघायची, आणि एवढं सगळं एकदम केल्यावर कशाने बरं वाटलं नि कशाने बिघडलं, तेही कळेनासं व्हायचं. बिचारी गोंधळून गेली होती. आणि बाहेरून बघणाऱ्याला दिसायची ती धडधाकट, रुंद खांद्यांची, झाडासारखी बाई. अशा बाईने "आई गं" म्हटलं की लोक मागे वळून बघतात, दुसरंच कुणीतरी ओरडलं असेल म्हणून.

सुव्यात, वॉलू बेच्या बंदराला लागून असलेल्या एका बोट कंपनीत ती बिलांच्या विभागाची मुख्य होती. लांबच्या बेटांवर जाणारा माल, तिकडून येणारी, कुटून पाण्यात कालवून प्यायच्या यांगोनाची मुळं, तारोच्या कंदांच्या गोणी, कुणाच्या लग्नाच्या चटया, कुणाचा फ्रीज, सगळ्याची बिलं तिच्या टेबलावरून जात. कामात ती पक्की होती. पण गेल्या वर्षी रजा फार झाल्या, आणि ऑकलंडच्या मुख्य ऑफिसातून विचारणा आली की ह्या बाईंना काम झेपतंय का.

हे पत्र ज्यांच्या हातात पडलं त्या सरोज नायकर. माणसांचा विभाग त्यांच्याकडे होता. ठेंगणी, चटपटीत बाई, चष्मा कायम डोक्यावर. त्यांनी केलेराला काचेच्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"हे बघ केलेरा, मी तुला गोड गोड बोलून फसवणार नाही. तिकडचे लोक म्हणतात, वैद्यकीय कारणावरून घरी बसवा. मी म्हटलं, आधी आपण काय केलंय तिच्यासाठी? काहीच नाही. तर आता करू. फिजिओ आणू, टेबल आणू. वरखाली होणारं टेबल. उभं राहून काम करायचं, थकलीस की बसायचं. नाताळापर्यंत वापरून बघायचं. फिजिओ बघेल, सांगेल, आणि मी तिकडे कळवीन की ही बाई कुठेही जात नाहीये."

"आणि नाही जमलं तर?"

"मग माझ्याकडे बोलायला काही उरणार नाही," सरोज म्हणाली.

केलेराला भरून आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिच्या पाठीला खरं मानून तिच्यावर पैसे खर्च करत होतं. तिला सरोजचे हात धरावेसे वाटले, पण मध्ये टेबल होतं. ही नोकरी गेली तर दुसरी मिळणार नव्हती. दुखऱ्या पाठीची बाई कोण घेणार? सेरूच्या बस चालवण्यावर घर चाललं असतं, पण कसंबसं. आणि घरी बसून ती करणार तरी काय, पाठच मोजत बसली असती.

टेबल आलं. दोन माणसांनी ते उचलून केलेराच्या जागी ठेवलं, वायर खोचली, बटण दाबून दाखवलं. गुरगुरत ते वर गेलं नि खाली आलं. सगळं ऑफिस बघायला जमलं. काउंटरवरचा लिवाय तर हातातलं गिऱ्हाईक सोडून आला. लिवायच्या गावाचा आणि केलेराच्या वाइलोआ गावाचा मूळ देव एकच, त्यामुळे वाइलोआच्या माणसांची वाटेल तशी टिंगल करायचा त्याला जन्मजात हक्क होता आणि तो हक्क तो रोज वसूल करायचा.

"आली का लिफ्ट?" तो म्हणाला. "वरच्या मजल्यावर पोचलीस की माझ्यासाठी एक चहा सांग. वाइलोआच्या लोकांना आयुष्यात तेवढीच उंची मिळायची."

"तुझ्या गावात अजून शिडी पोचली नाही, तू लिफ्टचं बोलू नकोस," केलेरा म्हणाली आणि सगळे हसले. शेजारच्या टेबलावरचे रातू केमुएलीसुद्धा हसले, आवाज न करता, खांदे हलवत.

आता ह्या शेजारच्या टेबलाचं सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खाणार होतं. रातू केमुएली ऑफिसात साधे कारकून होते. आलेल्या मालाच्या नोंदी दोन बोटांनी टाइप करायचे, हळू, पण न चुकता. कागदोपत्री ते केलेराच्या हाताखाली. त्यांच्या रजेवर सही तिची. पण रातू हा मानाचा किताब, आणि हे रातू वाइलोआचे प्रमुख होते. त्यांचे वडील प्रमुख, त्यांचे आजोबा प्रमुख. केलेराचे वडील त्यांच्या वडिलांपुढे कधी उभे राहिले नव्हते, गुडघ्यावरच सरकत गेले. सुव्यात राहून राइवांगाच्या भाड्याच्या घरातून बसने ऑफिसात येणारा प्रमुख झाला म्हणून काय, प्रमुखपण बसच्या दारात उतरवून ठेवता येत नाही. त्यामुळे रातूंच्या नोंदीत चूक सापडली की त्यांची वरिष्ठ केलेरा आपल्या जागेवरून उठायची, कमरेत वाकून त्यांच्याजवळ जायची, बुटक्या स्टुलावर टेकायची आणि हलक्या आवाजात म्हणायची, "रातू, आपली हरकत नसेल तर ह्या ओळीत एक शून्य जास्त पडलंय."

"पडलं असेल," रातू म्हणायचे आणि खोडायचे. दोघांचं छान चाललं होतं.

त्या दिवशी सगळे पांगल्यावर केलेराने बटण दाबलं. टेबल वर आलं, ती उभी राहिली. पहिलं बिल हातावेगळं झालं आणि तिला जाणवलं की तार ओढली जात नाहीये. दुसरं झालं, तिसरं झालं. इतकं हलकं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. मग तिने सहज खाली पाहिलं. तिच्या कोपराच्या खाली रातूंचं डोकं होतं. पांढऱ्या कुरळ्या केसांतला भोवरासुद्धा दिसत होता. आयुष्यात तिने रातूंचं डोकं वरून कधी पाहिलं नव्हतं.

तिला दरदरून घाम फुटला. बसलेल्या मोठ्या माणसाच्या डोक्याच्या वर आपलं डोकं नेऊ नये, जाताना वाकावं, "तिलोउ" म्हणून माफी मागावी, हे तिला चालायला यायच्या आधीपासून येत होतं. आणि इथे ती आपल्या प्रमुखाच्या उशाशी खांबासारखी उभी होती, तेही पगार घेऊन. तिने घाईघाईने बटण दाबलं. टेबल गुरगुरत खाली आलं. रातूंनी मान वर केली नाही.

तेव्हापासून तिचा दिवस असा चालायला लागला: रातू जागेवर असले की ती बसलेली. रातू उठून मुतारीकडे गेले की टेबल वर. पावलं वाजली की टेबल खाली. वर, खाली, वर, खाली, दिवसभर ती गुरगुर. पाठीला त्याचा फायदा शून्य. उलट उठबशीने ती जास्तच कुरकुरायला लागली.

"टेबल बिघडलंय का?" सरोजने विचारलं. "मी कधीही बघावं तर तू बसलेली."

"सवय होतेय हळूहळू."

"दुसरीकडे हलवू का? ह्या कोपऱ्यात तुला अडचण होत असेल तर सांग."

केलेरा काय सांगणार? रातूंमुळे अडचण होते असं म्हणायचं? प्रमुखाची तक्रार, तीही ऑफिसात, तीही दुसऱ्या समाजाच्या माणसाकडे? "छे, अडचण कसली," ती म्हणाली. सरोजने चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर आणला, तिच्याकडे नीट पाहिलं आणि परत डोक्यावर नेला.

आणि मग रातूंचं काहीतरी बिनसलं. ते जागेवर टिकेनात. थोडं टाइप केलं की उठायचे आणि लांबच्या खिडकीशी जाऊन बंदराकडे बघत उभे राहायचे, सगळ्यांकडे पाठ करून. बराच वेळ. परत यायचे ते तोंड घट्ट मिटून, कपाळाला आठ्या घालून. केलेराने पुढे केलेला चहा घेऊन ते खिडकीशीच जायचे. पूर्वी तिच्याशी दोन शब्द बोलायचे, गावाकडच्या बोटीची खबर विचारायचे. आता मान हलवायचे नुसती.

ते खिडकीशी असले की ती उभी राहायची, आणि खरं सांगायचं तर तिची पाठ त्या दिवसांत सुधारली. सरोज काचेतून अंगठा वर करून दाखवायची. फिजिओ येऊन गेली, म्हणाली, छान चाललंय. केलेराला मात्र आनंद होईना. रातू आपल्यावर रागावलेत, आपलं तोंड बघायला नको म्हणून उठून जातात, आणि ते जातात तेव्हाच आपल्याला बरं वाटतं, ह्याचा अर्थ काय लावायचा? बरं वाटलं की तिला अपराधी वाटायचं, आणि अपराधी वाटलं की पाठ परत दुखायची. की पाठ दुखायची म्हणून अपराधी वाटायचं? तिला ह्यातलं आधी कुठलं ते सापडेना.

त्यातच लोसालिनी आली. लोसालिनी म्हणजे तिची आत्या, वडिलांची चुलत बहीण. गावाहून आलेली तारोची गोणी सोडवायला काउंटरवर उभी होती. केलेरा त्या दिवशी दुखण्याच्या गोळ्यांनी जरा गुंगीत होती. रातू खिडकीपासून कधी परत आले, कधी बसले, तिच्या ध्यानातच आलं नाही. ती उभी राहून बिलं करत राहिली. आत्याने लिवायच्या खांद्यावरून पाहिलं, गोणी घेतली आणि एक शब्द न बोलता गेली. लोसालिनी आत्या एक शब्द न बोलता जाते तेव्हा ते शब्द तिने पुढे कुणासाठी तरी राखून ठेवलेले असतात.

संध्याकाळी गावाहून भावाचा फोन आला. "काय गं, तू ऑफिसात रातूंच्या डोक्यावर उभी राहतेस म्हणे?"

"डोक्यावर नाही रे. शेजारी."

"शेजारी म्हणजे वरच ना? मोठी साहेबीण झालीस. बाबा असते तर काय म्हणाले असते?"

बाबा काय म्हणाले असते ते तिला चांगलं ठाऊक होतं, म्हणून ती रडली. सेरूने तिला लिंबाच्या पानांचा चहा करून दिला. मग दोघांनी ठरवलं की हे असं लोंबकळत ठेवण्यात अर्थ नाही. चुकलं असेल तर मान्य करावं, रीतसर माफी मागावी, सोरो, म्हणजे माफीची भेट, घेऊन जावं. आपल्याकडे भांडण असो, मारामारी असो, पोरगी पळवलेली असो, सोरो नेला की समोरच्याने तो घ्यायचा असतो आणि विषय तिथेच पुरायचा असतो. घेतला नाही असं कुणी ऐकलेलं नाही. सेरूने बाजारातून यांगोनाच्या मुळांची चांगली जाडजूड जुडी आणली आणि बोलायला आपल्या काकांना बरोबर घेतलं.

शनिवारी तिघं राइवांगाला रातूंच्या घरी गेली. चटईवर रातू समोर बसलेले, बाजूला त्यांच्या वतीने बोलणारा माणूस. केलेरा दाराजवळ, पाय एका बाजूला दुमडून, मान खाली. काकांनी मुळं पुढे ठेवली आणि लांबलचक बोलले: वाइलोआच्या लेकीकडून चूक झाली, ती उभी राहिली जिथे बसायला हवं होतं, आता रातूंनी मन मोठं करावं. पाठीसाठी उभं राहिल्याच्या चुकीची माफी मागताना तिची पाठ इतकी दुखत होती की डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. पण ती हलली नाही.

रातू मुळांकडे बघत राहिले. इतका वेळ की काकांनी तिच्याकडे चोरून पाहिलं. रातूंच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काय होतं ते तिला ओळखता येईना. गाडी चुकलेल्या माणसाचा असतो तसा काहीतरी चेहरा होता. शेवटी त्यांनी मान हलवली. त्यांच्या माणसाने मुळांना हात लावला, माफी मिळाल्याचं सांगितलं, सगळ्यांनी पोकळ हातांनी टाळ्या वाजवल्या. मग यांगोना कालवला, वाट्या फिरल्या.

निघताना रातूंनी हळू आवाजात विचारलं, "उभं राहण्याबद्दल होता ना हा सोरो?"

"हो, रातू."

"हं," ते म्हणाले. "आता मिटलं म्हणायचं."

टॅक्सीत सेरू खुशीत होता. "चला, मिटलं एकदाचं. डोक्यावरचं ओझं गेलं." सामाबुलाचा चढ चढेपर्यंत तो काहीतरी गुणगुणत होता. मग एकदम थांबला. "केलेरा," तो म्हणाला, "मग आता त्या टेबलाचं काय?"

हा प्रश्न तिला आधी सुचलाच नव्हता. सोरो देऊन तिने सगळ्यांसमोर कबूल केलं होतं की रातूंच्या शेजारी उभं राहणं हा गुन्हा आहे. गुन्हा माफ झाला, पुरला गेला. आता तोच गुन्हा सोमवारी सकाळी परत कसा करायचा? कालपर्यंत ती निदान चोरून उभी राहू शकत होती. आता तेही नाही. स्वतःच्याच हाताने तिने दार लावून घेतलं होतं आणि वर त्याला माफी असं नाव दिलं होतं. ती सेरूकडे बघत राहिली आणि सेरू खिडकीबाहेर.

सोमवारी रातूंची खुर्ची रिकामी होती. सरोज म्हणाली, "त्यांनी खाली शेडमध्ये बदली मागितली. धक्क्यावर माल उतरतो तिथे. मी म्हटलं, अहो, तिकडे धड बसायला जागा नाही, उन्हात, गोण्यांत. म्हणाले, समुद्राचा वारा लागतो. आता काय बोलणार? बरं, फिजिओ गुरुवारी परत येतेय, शेवटचं बघायला. त्यावर मी ऑकलंडला कळवणार. मस्त उभी राहत होतीस मधे. तशीच राहा."

केलेरा बसून राहिली. शेजारची खुर्ची रिकामी होती तरी तिच्याने बटण दाबवेना. रातू रागाने धक्क्यावर गेले, माफी देऊनही गेले, म्हणजे आपलं चुकलं ते माफीपेक्षा मोठं होतं, असं तिला वाटलं. मंगळवारी ती बसली, बुधवारी बसली. पाठीने असहकार पुकारला. दुपारी बिलावरचे आकडे तिला दोन दोन दिसायला लागले. उद्या फिजिओ येणार, ही अशी वाकडी होऊन बसलेली बाई बघणार, आणि सरोजकडे बोलायला काही उरणार नाही.

लिवाय चहा घेऊन आला. तिच्या टेबलावर कप ठेवला आणि नेहमीसारखी टिंगल केली नाही, त्यामुळे ती घाबरली.

"काय झालं?"

"तू खरंच एवढी बावळट आहेस का?" लिवाय म्हणाला. ह्यात टिंगल नव्हती. "सोरो काय नेलास? कुणी सांगितलं होतं?"

"रातू रागावले होते. माझं तोंड बघत नव्हते. तासन्तास खिडकीत..."

"खिडकीत ते तुझ्यासाठी उभे राहत होते, बाई. मला विचारायचे, 'लिवाय, मी इथे आलो की ती उभी राहते का रे? मला मागे वळून बघता येत नाही, बघितलं तर ती खाली बसेल.' मी हो म्हटलं की अजून थोडा वेळ थांबायचे. सगळ्या ऑफिसला माहीत होतं. तुला माहीत नाही हे मला माहीत नव्हतं."

केलेराने चहा तसाच सोडला. जिना उतरताना प्रत्येक पायरीला तार ओढली गेली. धक्क्यावर ऊन मी म्हणत होतं. शेडमध्ये घासलेटचा आणि सुक्या खोबऱ्याचा वास, आणि रचलेल्या गोण्यांच्या मागे रातू एका उपड्या खोक्यावर बसलेले, उजवा पाय दोरखंडाच्या वेटोळ्यावर लांब करून, दोन्ही हातांनी गुडघा दाबत. त्यांना वाटत होतं कुणी बघत नाही.

तिला बघून त्यांनी हात काढला. ती सवयीने खाली बसायला वाकली आणि पाठ मधेच अडकली. ना खाली जाता येईना, ना वर.

"बसू नकोस," रातू म्हणाले आणि खांबाला धरून उठायला लागले.

"आपण उठू नका."

पण ते उठले होते. ती कशीबशी सरळ झाली. दोघंही उभी, दोघांचेही चेहरे दुखण्याने आवळलेले, आणि मध्ये रिकामं खोकं.

"लिवायने सांगितलं मला," ती म्हणाली.

"लिवायचं तोंड म्हणजे गळकं पिंप."

"आपण मला का नाही सांगितलंत, रातू? एक शब्द पुरला असता."

"कुठला शब्द? 'उभी राहा, माझी हरकत नाही'? म्हणजे हरकत घ्यायचा प्रश्न होता असं झालं असतं. तू आणखी लाजली असतीस. मी म्हटलं, न बोलता होऊन जाईल. होतही होतं. तर तू मुळं घेऊन दारात. आता सोरो परत कसा पाठवायचा? माझ्या बापजाद्यांत कुणी पाठवला नाही."

"मला वाटलं आपण रागावलात. आपला चेहरा तसा असायचा. खिडकीतून आलात की."

रातूंनी गुडघ्याकडे पाहिलं. "उभं राहिलं की हा दुखतो. रग्बीचा आहे, जुना. दुखताना माझं तोंड असंच होतं."

आपलं दुखणं कुणाला दिसत नाही म्हणून केलेरा इतकी वर्षं डॉक्टरवर चिडली होती, सेरूवर, चर्चच्या बायकांवर, सगळ्या जगावर. आणि शेजारच्या टेबलावर एक माणूस तिच्यासाठी दुखऱ्या पायावर उभा राहत होता, तर तिला तो राग वाटला. तिला लाज वाटली.

"मग आता काय करायचं?" तिने शेवटी विचारलं. हा प्रश्न तिचे वडील रातूंच्या वडिलांना विचारायचे, आणि तिकडून उत्तर यायचं.

"मला माहीत नाही," रातू म्हणाले. "खरंच माहीत नाही गं. सोरो घेतलाय. मी वर आलो तर तू उभी राहणार नाहीस. मी इथे राहिलो तरी तू उभी राहत नाहीस, असं सरोज म्हणाली. मला वाटलं होतं, मी गेलो की सुटेल."

त्यांचा सगळा भार खांबावर होता. ते तिच्यासाठी उभे होते. ती खाली बसू शकत नाही म्हणून ते बसत नव्हते. आणि ती उभी आहे तोवर ते बसणार नव्हते, संध्याकाळपर्यंतसुद्धा. हे तिला अगदी स्वच्छ दिसलं, आणि गेल्या कित्येक महिन्यांत स्वच्छ दिसलेली ती पहिली गोष्ट होती.

"आपण बसा, रातू," ती म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"बसा. मी उभीच आहे."

वाइलोआच्या कुठल्याही बाईने कुठल्याही रातूला असं सांगितल्याचं तिने ऐकलं नव्हतं. रातूंनी एक लांब श्वास घेतला, खांब सोडला आणि ते खोक्यावर बसले. पाय लांब केला. त्यांचं पांढरं डोकं तिच्या छातीच्याही खाली गेलं. ती तिथेच उभी राहिली, हात कुठे ठेवायचे ते न कळून.

"परत मुळं घेऊन येऊ नकोस," थोड्या वेळाने रातू म्हणाले. "सेरूला परवडायचं नाही."

"नाही आणत."

"आणि तुझी आत्या?"

"आत्याला सांगीन, मीच बसवलं रातूंना. मग काय बोलायचं ते बोलू दे तिला." आत्या काय काय बोलेल ते तिला आत्ताच ऐकू येत होतं. तरी ती पुढे म्हणाली, "उद्या वर या. आपली खुर्ची कुणी हलवलेली नाही. आपण बसायचं, मी शेजारी उभं राहायचं. आणि त्या गुडघ्याचं सरोजच्या कानावर घाला. ती काहीतरी करेल, ती करते."

"काय सांगू तिला?" रातू म्हणाले. "डॉक्टरांनी फोटो काढलेत. त्यात काही दिसत नाही."

"मी सांगते तिला," केलेरा म्हणाली. "मी पाहिलंय."